बोईसरहून एका दिवसात : बोरिवलीचं नॅशनल पार्क, कान्हेरी लेणी आणि तुळशी-विहारचं पाणी

बोईसर : सुट्टीचा एकच दिवस, घरात दोन लहान मुलं, एखादं वयस्कर माणूस आणि खर्च बेताचा. अशा वेळी सालवड, पास्थळ, कुंभवली, बोईसर या पट्ट्यातल्या कुटुंबांपुढे दोन-तीनच पर्याय असतात. केळवे नाहीतर चिंचणीचा किनारा, जव्हार, किंवा मग मुंबई. मुंबईला गेलं की बहुतेकांची पावलं गेट वे आणि चौपाटीकडे वळतात. पण त्याच्या निम्म्या वाटेवर, बोरिवलीला उतरून वीस मिनिटं चाललं की सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल सुरू होतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आपल्याकडे सगळे त्याला ‘नॅशनल पार्क’च म्हणतात. दोन तलाव, शंभराहून जास्त लेणी, बिबटे, हरणं आणि आदिवासी पाडे एवढं सगळं एका महानगराच्या मधोमध आहे.

जायचं कसं, बघायचं काय, मुलांना सांगायचं काय आणि कुठे जपायचं, याची माहिती एकत्र देत आहोत.

जायचं कसं

सालवडहून रिक्षाने बोईसर स्टेशन आणि तिथून लोकल, हाच सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणूपर्यंत वाढली आणि आपल्या भागाला थेट लोकल मिळाली. बोईसर ते बोरिवली अंतर साधारण ७० किलोमीटर. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार आणि पुढे नालासोपारा, वसई, नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर करत बोरिवली. थेट गाडी मिळाली तर दीड-पावणेदोन तासांत पोचता येतं. नाही मिळाली तर विरारला गाडी बदलायची.

डहाणू लोकलच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. त्यामुळे ‘ही गेली तर पुढची पकडू’ हा हिशेब विरारच्या पुढे चालतो, अलीकडे नाही. जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळच्या गाड्या आदल्या रात्रीच बघून ठेवा. रविवारी जायचं असेल तर त्या आठवड्याचा ब्लॉक कुठे आहे तेही पाहून घ्या. तिकीट परतीचं काढा, म्हणजे संध्याकाळी बोरिवलीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

बोईसरला सकाळी बसायला जागा मिळून जाते, कारण डहाणू आणि वाणगाव एवढीच दोन स्टेशनं आधी असतात. खरी अडचण उतरताना येते. वसईनंतर दरवाजा भरतो. मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर भाईंदर गेलं की उठून दरवाजाकडे सरका आणि बोरिवलीला कुठल्या बाजूला उतरायचं ते शेजारच्याला विचारून घ्या. कामाच्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन हा प्रवास नकोच.

स्वतःची गाडी असेल तर बोईसर-चिल्हार रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागायचं. पुढे वसई फाटा, वर्सोवा पूल, दहिसर चेकनाका आणि तिथून पश्चिम द्रुतगती महामार्गाने बोरिवली. उद्यानाचं मुख्य गेट या रस्त्याला लागूनच आहे. अंतर कमी वाटलं तरी वर्सोवा पूल ते दहिसर या टप्प्यात सुट्टीच्या संध्याकाळी तासभर सहज जातो.

सोमवारी जाऊ नका

दरवर्षी कोणी ना कोणी ही चूक करतं. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं आणि कान्हेरीही. बाकीच्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास आत सोडायला सुरुवात होते. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वेगळी वर्दळ त्याआधीपासून असते. प्रवेश, सफारी, बोटिंग यांचे दर वेळोवेळी बदलतात. गेटवरचा फलक वाचा आणि त्या दिवशी काय सुरू आहे ते तिथेच विचारा. ‘वनराणी’ या छोट्या गाडीसाठी मुलं हट्ट धरतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं मोठं नुकसान झालं होतं. त्यामुळे ‘गाडीत बसवतो’ असं वचन घरून देऊन निघू नका.

कान्हेरीचं तिकीट वेगळं असतं, कारण लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. १५ वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही.

गेटवर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक अडवतात. म्हणून डबा स्टीलचा आणि पाण्याच्या बाटल्या घरच्या न्या. चिप्स-बिस्किटांचे पुडे डब्यात रिकामे करून घ्या. हे पथ्य माकडांच्या बाबतीतही कामाला येतं. हातात पुडा दिसला की माकड येतंच.

कान्हेरी : आधी हेच बघा

मुख्य गेटपासून कान्हेरी पाच-सहा किलोमीटरवर आहे. उद्यानाच्या बसने जाता येतं. चालत जाणारेही खूप असतात, पण लहान मुलांना घेऊन चालत गेलात तर लेण्यांच्या पायऱ्या चढायला अंगात त्राण उरत नाही. ऊन चढायच्या आत कान्हेरी आणि दुपारी सफारी असा क्रम ठेवा.

कान्हेरी हे नाव ‘कृष्णगिरी’वरून आलंय, म्हणजे काळा डोंगर. काळ्या बसाल्ट खडकात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास इथे कोरकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं बौद्ध भिक्खूंचा इथे वावर होता. शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायला गेलात तर दिवस पुरणार नाही. कुटुंबाबरोबर असाल तर एवढं बघा :

लेणं क्र. ३ : मोठं चैत्यगृह. रांगेने खांब, शेवटी दगडी स्तूप आणि बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी हे काम करवून घेतल्याचं इथल्या शिलालेखावरून कळतं.

लेणं क्र. ११ : याला ‘दरबार’ म्हणतात. मधे लांबच लांब दगडी बाकं आहेत. वेरूळचं पाचवं लेणं पाहिलं असेल तर लगेच ओळख पटेल.

लेणं क्र. ४१ : अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. मुलांना डोकी मोजायला सांगा.

लेणं क्र. ९० : हे मात्र पालघर-डहाणूच्या माणसाने चुकवू नये. या भिंतीवर पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि आल्याची तारीख कोरून ठेवली आहे. आपल्या वरच्या अंगाला असलेलं संजाण ही पारशांची भारतातली पहिली वस्ती मानतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही माणसं आपल्या माणसांना घेऊन ही लेणी बघायला येत होती. मात्र आज कुणी भिंतीवर नाव कोरलं तर तो १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांच्या हातात खडू, किल्ली असेल तर लक्ष ठेवा.

आपल्या जिल्ह्याशी आणखी एक धागा जोडलेला आहे. इथल्या लेखांमध्ये दान देणाऱ्यांची गावं लिहिलेली आहेत. त्यात कल्याण आहे आणि सोपारा आहे. सोपारा म्हणजे सकाळी लोकलमधून गेलेलं नालासोपारा. तेव्हाचं ते मोठं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. बंदरात पैसा मिळवलेले व्यापारी डोंगरातल्या भिक्खूंसाठी लेणी आणि पाण्याच्या टाक्या खोदून देत होते.

या टाक्या नीट बघा. लेखांमध्ये त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. लेण्यांच्या दारात, पायऱ्यांच्या कडेला खडकात खोदलेले चौकोनी हौद आहेत आणि कातळावरून पाणी त्यात यावं म्हणून पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. पावसाचं पाणी धरायचं आणि वर्षभर पुरवायचं, एवढीच व्यवस्था होती. अनेक टाक्यांत आजही पाणी असतं.

तलाव लांबूनच

‘तलाव बघायला जाऊ’ म्हणून निघालेल्यांची इथे थोडी निराशा होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव मुंबई महापालिकेच्या पिण्याच्या पाण्याचे आहेत. परवानगीशिवाय काठावर जाता येत नाही. आत उतरणं, पोहणं, जेवायला बसणं यांचा तर प्रश्नच नाही. मुलांना पाण्याजवळ न्यायचं असेल तर पार्कात मुख्य गेटच्या बाजूला बोटिंगचा तलाव आहे, तिथे जा.

तलाव दिसले नाहीत तरी त्यांची गोष्ट माहिती करून घेण्यासारखी आहे. पूर्वी मुंबई विहिरी आणि गावतळ्यांवर जगत होती. वस्ती वाढली तसं ते पाणी पुरेना आणि खराबही होऊ लागलं. म्हणून १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाने पाणी गेलं. १८७९ मध्ये तुळशी झाला. तेही पुरेना, म्हणून १८९२ मध्ये शहापूरकडचा तानसा. मग १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा. दरवेळी शहराने तहान भागवायला आणखी लांब हात घातला.

आकडेच बघा. मुंबईच्या सात तलावांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यात विहारची २७,६९८ आणि तुळशीची फक्त ८,०४६ दशलक्ष लिटर. तुळशीतून दिवसाला साधारण १८ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. पावसाळ्यात ‘तुळशी भरला’ ही बातमी सगळ्यात आधी झळकते, त्याचं कारण तो सगळ्यात लहान आहे.

आता आपल्याकडचा आकडा. सूर्या नदीच्या पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी आखलेली योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. म्हणजे तुळशीतून मिळतं त्याच्या बावीसपटीहून जास्त. धामणी आणि कवडास ही धरणं मुळात शेतीचं सिंचन समोर ठेवून बांधली गेली. त्यामुळे पाणी शहरांना वळवायला पालघर, डहाणूच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आंदोलनं झाली. दुसरीकडे वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. मुंबईला दिवसाला आणखी ४४० दशलक्ष लिटर मिळावेत यासाठी त्यात गावं आणि तानसा अभयारण्यातलं जंगल जाणार आहे. मध्य वैतरणा ज्या मोखाड्यात आहे तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

म्हणून तुळशीच्या बंद गेटसमोर मुलांनी ‘आत का नाही सोडत?’ विचारलं तर खरं उत्तर द्या. पाणी स्वच्छ राहावं म्हणून चारही बाजूंनी जंगल राखलंय. जंगल आहे म्हणून दीडशे वर्षांनंतरही हा तलाव गाळाने भरून गेलेला नाही. पाणी धरायचं तर डोंगर झाडाने झाकलेला असावा लागतो, हे तिथे दिसतं. मग आपल्याकडच्या डोंगरांकडे बघताना तोच प्रश्न मुलं आपणहून विचारतील.

प्राणी आणि सफारी

वाघ-सिंहांची सफारी बंदिस्त आवारात असते आणि जाळी लावलेल्या बसमधून फिरवून आणतात. हे वाघ-सिंह या जंगलातले नाहीत, पाळलेले आहेत, हे मुलांना सांगा. इथल्या मोकळ्या जंगलाचा धनी बिबट्या. शिवाय चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, लाल तोंडाची माकडं आणि अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी. कारवीचा बहर सात-आठ वर्षांतून एकदा येतो. २०१६ मध्ये इथले डोंगर जांभळे झाले होते.

बिबट्याला उद्यानाची हद्द कळत नाही. घोडबंदरच्या बाजूचं नागला जंगल, खाडी आणि पलीकडे वसई तालुक्यातलं तुंगारेश्वर अभयारण्य अशी त्याची वाट आहे. तुंगारेश्वरला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला तो या सलगतेमुळेही महत्त्वाचा ठरतो. पालघरच्या डोंगरांतला बिबट्या आणि बोरिवलीचा बिबट्या यांच्यामधे रस्ते आणि इमारती वाढत चालल्या आहेत, एवढाच फरक.

दिवसा, गर्दीच्या वाटेवर बिबट्याची भीती बाळगायचं कारण नाही. फक्त मूल एकटं पुढे धावू देऊ नका, आडवाटेला शौचाला बसू नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. उष्टं-खरकटं टाकू नका. खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. प्राण्यांना खायला घालू नका. त्याने माकडं अंगावर यायला शिकतात.

शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्या लागतो. शाळेची सहल नेणार असाल तर निसर्ग माहिती केंद्राशी आधी बोलून घ्या. नुसती सफारी दाखवून आणण्यापेक्षा मुलांना माहितगार माणसाबरोबर तासभर फिरवलेलं जास्त लक्षात राहतं.

पाड्यांवरची माणसं आपलीच

कान्हेरीच्या वाटेवर करवंदं, जांभळं, बोरं, काकड्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील. त्यांच्याशी बोला, बोली ओळखीची वाटेल. उद्यानाच्या आत रावणपाडा, नवपाडा, तुमणीपाडा, चिंचपाडा असे पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं तिथे राहतात. घराच्या भिंतीवर चौक, वेशीवर वाघदेव. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत थांबून नारळ फोडणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं वाटणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. त्यानंतर हजारो झोपड्या निघाल्या. पाड्यांवरचे आदिवासी म्हणतात, आम्ही अतिक्रमण नाही, उद्यान व्हायच्या आधीपासून आम्ही इथे आहोत. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, तरी पुनर्वसन, वीज, पाणी, घर यांचे प्रश्न त्यांच्या बोलण्यात अजून येतात. जंगल राखायचं आणि जंगलातल्या माणसालाही राखायचं, हा पेच आपल्या जिल्ह्यालाही नवा नाही. फळं घ्याल ती त्यांच्याकडूनच घ्या, फार घासाघीस करू नका आणि न विचारता मोबाईल समोर धरू नका.

दिवसाचा हिशेब

पहाटे : सालवडहून निघून सहाच्या आसपासची गाडी मिळेल असं बघा. नाश्ता घरून.

८ वाजता : बोरिवली पूर्व. चालत, शेअर रिक्षाने किंवा बसने मुख्य गेट.

९ ते १२ : कान्हेरी. पाणी जवळ ठेवा, पायऱ्यांवर सावली कमी आहे.

१२ ते १ : डबा. बसायची मोकळी जागा बघा, लेण्यांच्या आत जेवू नका.

१ ते ३.३० : खाली येऊन सफारी. रविवारी रांग लांब असते, म्हणून आल्या-आल्या तिकीट मिळतं का ते सकाळीच विचारा. रांग नको असेल तर गांधी टेकडी किंवा बोटिंग.

४ वाजता : गेटबाहेर. पाच वाजले की विरारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

परतताना थेट डहाणू लोकल दादर-अंधेरीहून भरून आलेली असते. मुलं बरोबर असतील तर साध्या लोकलने विरार गाठा आणि तिथून सुटणारी डहाणू गाडी धरा. अर्धा तास जास्त जाईल, पण बसून घरी पोचाल.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, कान्हेरीच्या ओढ्याला पाणी उसळतं आणि गर्दीही तेव्हाच होते. पण वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढा काही मिनिटांत चढतो आणि शेवाळलेल्या कातळावर पाय टिकत नाही. जोराचा पाऊस असेल तर ओढा ओलांडू नका, पलीकडे माणसं अडकून पडतात. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, पण करवंदं-जांभळं तेव्हाच मिळतात.

नेताना हे तपासा : परतीचं तिकीट, गाड्यांच्या वेळा, घरच्या बाटल्यांतून पाणी, स्टीलचे डबे, टोपी, घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट आणि कचरा परत आणायला एक कापडी पिशवी. मुलांच्या खिशात घरचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. बोरिवलीच्या पुलावरची गर्दी आपल्या बोईसरसारखी नसते.